पुस्तकांचे यश आणि जोखमीची मालकी

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या अभ्यासवर्गात मला ग्रंथप्रकाशनाच्या अर्थशास्त्राविषयी बोलण्यास सांगण्यात आले आहे. विषय वरकरणी चळवळीपासून दूरचा वाटेल. परंतु आपल्या बैठकांत जमाखर्च मांडला गेला की एक प्रश्न हटकून निघतो. आपल्या पुस्तिका खपत नाहीत, कचेरीच्या कपाटात गठ्ठे पडून राहतात, मग त्या छापाव्यात कशासाठी? काहींचे म्हणणे असे की, जे खपेल तेवढेच छापावे. काही त्याहून पुढे जातात आणि म्हणतात की, हा उद्योग बंद करून तो पैसा दौऱ्यांवर खर्च करावा. या दोन्ही सल्ल्यांच्या मुळाशी एकच गृहीत आहे. कोणते पुस्तक खपेल हे आधी कळू शकते आणि जे आज खपले नाही ते वाया गेले, असे ते गृहीत होय. ते कितपत टिकते हे आपण आज तपासून पाहू.

शपथेवरची कबुली

या प्रश्नावर अलीकडच्या काळातील सर्वांत मोलाची साक्ष कोणा समाजवाद्याने दिलेली नाही. ती पेंग्विन रँडम हाउस या जगातील अत्यंत बलाढ्य प्रकाशनसंस्थेच्या प्रमुखाने दिली आहे, आणि तीही न्यायालयात, शपथेवर.

ही संस्था बर्टल्समान या जर्मन उद्योगसमूहाच्या मालकीची. पेंग्विन आणि रँडम हाउस या दोन मोठ्या संस्था २०१३ साली एकत्र आल्या आणि ती जन्मास आली. नोव्हेंबर २०२० मध्ये तिने सायमन अँड शुस्टर ही आणखी एक मोठी अमेरिकन प्रकाशनसंस्था २१७.५ कोटी डॉलरला विकत घेण्याचा करार केला. अमेरिकेच्या न्याय खात्याने २०२१ साली त्याविरुद्ध दावा लावला आणि ऑगस्ट २०२२ मध्ये वॉशिंग्टनच्या न्यायालयात तीन आठवडे सुनावणी झाली. एरवी बंद दाराआड राहणारे या धंद्याचे हिशेब त्या निमित्ताने जगासमोर आले.

संस्थेचे तत्कालीन प्रमुख मार्कुस डोले यांनी साक्षीत सांगितले की, प्रकाशनात सर्व काही यदृच्छेवर चालते. कोणते पुस्तक गाजेल हे सांगता येत नाही. आम्ही दरवर्षी हजारो कल्पनांत पैसे घालतो आणि त्यांतल्या मोजक्याच वर येतात. संस्थेच्या नावातील 'रँडम' या शब्दाचाही त्यांनी विनोदाने दाखला दिला. हे नाव १९२७ सालचे. बेनेट सर्फ आणि डोनाल्ड क्लॉफर या दोघा मित्रांनी मनात येईल ते पुस्तक अधूनमधून काढावे म्हणून ही संस्था सुरू केली आणि तिला हे नाव दिले. दोघा हौशी तरुणांचा तो विनोद शंभर वर्षांच्या आत एका महाकाय कंपनीच्या बचावाचा मुद्दा व्हावा, हा काळाचा महिमा म्हणावा लागेल.

न्यायालयात पुढे आलेले आकडेही बोलके आहेत. या संस्थेच्या पुस्तकांपैकी केवळ ३५ टक्के पुस्तके नफा देतात. नफा देणाऱ्या पुस्तकांपैकी अवघी ४ टक्के पुस्तके एकूण नफ्याच्या ६० टक्के कमावतात. म्हणजे १०० पुस्तके काढली तर ६५ पुस्तकांत नफा नाही, आणि सगळा डोलारा उभा आहे तो जेमतेम एक-दोन पुस्तकांवर. ही एक-दोन पुस्तके कोणती, हे छापण्यापूर्वी जगातील उत्तमोत्तम संपादकांना आणि विक्रीतज्ज्ञांनाही सांगता येत नाही.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना येथे फ्रँक नाइट या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाची आठवण होईल. १९२१ सालच्या आपल्या ग्रंथात त्यांनी जोखीम आणि अनिश्चितता यांत भेद केला. घराला आग लागण्याची शक्यता मोजता येते, म्हणून तिचा विमा उतरवता येतो. ती जोखीम. ज्या गोष्टीची शक्यताच मोजता येत नाही, कारण तिच्यासारखी दुसरी गोष्ट नसते, ती अनिश्चितता. प्रत्येक पुस्तक असे एकमेव असते. गेल्या वर्षी एक ऐतिहासिक कादंबरी खपली म्हणून या वर्षीची खपेल असे नाही. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात साने गुरुजींनी आईच्या आठवणी लिहून काढल्या. त्यांत ना प्रणय, ना रहस्य. कोकणातल्या एका गरीब घरातील रोजचे साधे प्रसंग तेवढे आहेत. हे पुस्तक पिढ्यान् पिढ्या घरोघर वाचले जाईल, असे कोणत्या बाजारतज्ज्ञाने भाकीत केले असते?

एक फासा आणि हजार फासे

तेव्हा यश अनिश्चित आहे हे डोले यांचे म्हणणे मान्य करू. पण मग दुसरा प्रश्न उभा राहतो. सर्व काही यदृच्छेवर अवलंबून असेल, तर ही यदृच्छा आणखी एक संस्था विकत घेण्यासाठी दोनशे कोटी डॉलर मोजायला का तयार होते?

याचे उत्तर साध्या गणितात आहे. वरील आकडे स्थूलमानाने धरले, तर घबाड देणारी पुस्तके शेकडा १.४ पडतात. आता वर्षाला दहा पुस्तके काढणारा एक छोटा प्रकाशक घ्या. त्याच्या वाट्याला असे पुस्तक सरासरीने सात वर्षांतून एकदा येईल. परंतु सरासरीवर कोणाचे पोट भरत नाही. संभाव्यतेचा हिशेब केला तर अशा चार प्रकाशकांपैकी एकाला दहा वर्षांत एकही असे पुस्तक मिळणार नाही. तेवढ्या काळात छापखान्याची बिले, कागदाची उधारी आणि घरखर्च त्याला थांबू देणार नाहीत. वर्षाला हजार पुस्तके काढणाऱ्या संस्थेला मात्र अशी चौदा पुस्तके सरासरीने मिळतील. एखाद्या वर्षी दहा, एखाद्या वर्षी अठरा. एकही नाही असे वर्ष तिच्या वाट्याला जवळजवळ येणारच नाही.

अनिश्चितता एकेका पुस्तकाची असते. हजार पुस्तकांच्या मालकाच्या पातळीवर ती विरघळून जाते आणि नियमित लाभांशाच्या रूपाने बाहेर पडते. मोठे भांडवल पुस्तकाचे यश ओळखते म्हणून मोठे झालेले नाही. ते अपयश पचवू शकते म्हणून मोठे झाले आहे. कोरडवाहू शेतीत हेच चालते. पाऊस सर्वांना सारखाच लहरी असतो, पण पाच एकरांचा शेतकरी एका दुष्काळात मोडतो, आणि गावोगाव पैसा पेरलेला सावकार त्याच दुष्काळात जमिनी गोळा करतो. लहरी पावसाला दोष देऊन सावकारी झाकता येत नाही, तशी वाचकांच्या लहरीला पुढे करून मक्तेदारी झाकता येणार नाही.

न्यायमूर्ती फ्लॉरेन्स पॅन यांनी ३१ ऑक्टोबर २०२२ रोजी हे विलीनीकरण रोखले. त्यांचा निर्णय आपण समजून घेण्यासारखा आहे. मक्तेदारी म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर एकटा विक्रेता येतो. येथे मुख्य प्रश्न खरेदीदाराच्या मक्तेदारीचा होता. लेखक हस्तलिखित विकतो आणि प्रकाशक ते विकत घेतो. अडीच लाख डॉलर किंवा त्याहून अधिक आगाऊ मानधन मिळणाऱ्या पुस्तकांच्या बाजारात पाच मोठ्या संस्थांचा वाटा आधीच ९१ टक्के होता आणि या दोन संस्था एक झाल्या असत्या तर त्या एकीकडेच ४९ टक्के गेले असते. बाजार समितीत कापूस घेणारे पाच व्यापारी असतात तेव्हा भाव कसा असतो आणि दोन उरले की काय होते, हे विदर्भातील कार्यकर्त्यांना मी सांगायला नको. स्टीफन किंग यांच्यासारखा अफाट खपाचा लेखक, ज्याची पुस्तके सायमन अँड शुस्टरच काढत होती, तोही विलीनीकरणाच्या विरोधात सरकारतर्फे साक्ष देण्यास उभा राहिला, हे येथे नमूद केले पाहिजे.

निकाल चांगला लागला, पण त्याने मूळ प्रश्न सुटला असे नव्हे. २०२३ साली तीच सायमन अँड शुस्टर केकेआर या गुंतवणूक कंपनीने १६२ कोटी डॉलरला विकत घेतली. एका प्रकाशकाच्या हाती जाण्याऐवजी ती निव्वळ भांडवलाच्या हाती गेली, एवढाच फरक झाला. आपल्या देशातही असेच घडले आहे. ॲमेझॉनने २०१६ साली वेस्टलँड ही भारतीय प्रकाशनसंस्था ताब्यात घेतली. भरपूर खपाच्या लेखकांची पुस्तके तिने काढली होती, तशीच सत्तेला न रुचणारी चिकित्सक पुस्तकेही काढली होती. फेब्रुवारी २०२२ मध्ये मालकाने ती बंद करण्याचा निर्णय जाहीर केला. पुढे त्याच वर्षी प्रतिलिपी या कंपनीच्या आधाराने तेथील मंडळी पुन्हा उभी राहिली, ही समाधानाची गोष्ट. परंतु मधल्या काळात शेकडो पुस्तकांचे भवितव्य टांगणीला लागले, ते वाचकांनी पाठ फिरवल्यामुळे नव्हे. मालकाच्या ताळेबंदात एक ओळ खोडली गेली, एवढेच त्याचे कारण.

आज न खपलेले उद्या

आता गृहीताच्या दुसऱ्या भागाकडे वळू. जे आज खपले नाही ते वाया गेले, हे खरे आहे काय? आपल्या विचारांशी निगडित तीन पुस्तकांचा इतिहास पाहू.

पहिले, मार्क्सचे 'भांडवल'. पहिला खंड १८६७ साली हॅम्बुर्गच्या ओटो माइस्नर या प्रकाशकाने काढला. प्रती एक हजार. त्या संपण्यास सुमारे चार वर्षे लागली. हे पुस्तक लिहिताना ओढलेल्या चिरुटांचा खर्चही त्यातून निघणार नाही, असे मार्क्स म्हणत असत, अशी आठवण त्यांचे जावई लाफार्ग यांनी नोंदवली आहे. नंतर १८७२ साली रशियन भाषांतर निघाले. झारच्या परीक्षण अधिकाऱ्यांनी ते अडवले नाही, कारण इतके क्लिष्ट पुस्तक फार थोडे वाचतील आणि त्याहून थोड्यांना ते कळेल, असा अभिप्राय त्यांनी दिला. तीन हजारांपैकी सुमारे नऊशे प्रती पहिल्या दीड-दोन महिन्यांतच गेल्या. ज्या देशात कारखाने कमी आणि कामगार त्याहून कमी, तेथे या ग्रंथाला असा वाचक मिळावा, ही गोष्ट लेखकालाही अपेक्षित नव्हती आणि त्यावर पहारा ठेवणाऱ्यांनाही नव्हती.

दुसरे, ताराबाई शिंदे यांचे 'स्त्री-पुरुष तुलना'. १८८२ साली पुण्यात छापलेले, प्रती पाचशे. बुलढाण्याच्या या बाईंनी पुरुषांच्या ढोंगाचा असा समाचार घेतला की, समकालीनांत त्यांच्यावर टीकेची झोड उठली. जोतीराव फुले यांनी 'सत्सार'मध्ये त्यांची बाजू घेतली. त्यानंतर ताराबाईंचे दुसरे पुस्तक आले नाही आणि हे पुस्तकही विस्मृतीत गेले. स. गं. मालशे यांनी ते शोधून १९७५ साली पुन्हा प्रसिद्ध केले, म्हणजे मध्ये ९३ वर्षे गेली. तेव्हापासून भारतीय स्त्रीमुक्तीचा इतिहास या पुस्तकावाचून कोणी लिहू शकलेले नाही. १८८३ साली एखाद्या हिशेबनीसाने या पुस्तकाचा ताळेबंद मांडला असता, तर त्याने काय शेरा मारला असता? आणि त्या पाचशे प्रतीही छापल्या गेल्या नसत्या, तर मालशे यांच्या हाती काय लागले असते?

तिसरे, डॉ. आंबेडकरांचे 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'. लाहोरच्या जातपाततोडक मंडळाने १९३६ च्या परिषदेच्या अध्यक्षपदाचे त्यांना निमंत्रण दिले. भाषणाचा मजकूर पाहून संयोजक कचरले. काही भाग बदलावा, असा आग्रह झाला. बाबासाहेबांनी तो मानला नाही, परिषद रद्द झाली, आणि न झालेले ते भाषण त्यांनी स्वतःच्या खर्चाने छापले. प्रती दीड हजार. त्या दोन महिन्यांत संपल्या, असे पुढल्या वर्षीच्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत ते लिहितात. ज्या श्रोत्यांसमोर हे विचार मांडणे संयोजकांना अशक्य वाटले, त्याच समाजातील वाचकांनी पुस्तक उचलून घेतले. आज ते देशोदेशी वाचले जाते.

एकाला चार वर्षे लागली, एकाला ९३ वर्षे, एकाला दोन महिने. यातून कोणता नियम काढणार? नियम निघत नाही. मात्र एक गोष्ट तिन्ही ठिकाणी सारखी आहे. कोणीतरी, बाजाराची हमी नसताना, ते छापण्याचा निर्णय घेऊ शकले. एकच दार असते आणि त्यावरच्या दरवानाने मान हलवली असती, तर ही पुस्तके आपल्यापर्यंत पोचली नसती.

सरकारी दरवान

येथे आपल्यातील काही मित्र म्हणतील की, मग प्रकाशन सरकारच्याच हाती द्यावे. लोकशाही समाजवादी या नात्याने मला याला स्पष्ट नकार दिला पाहिजे. बोरिस पास्तरनाक यांची 'डॉक्टर झिवागो' ही कादंबरी १९५६ साली सोव्हिएत मासिकाने नाकारली. १९५७ साली ती मिलानमध्ये फेल्त्रिनेल्ली यांनी काढली, आणि गंमत अशी की, हे फेल्त्रिनेल्ली स्वतः इटलीच्या कम्युनिस्ट पक्षाचे सभासद होते. रशियन वाचकाला आपल्या देशात ती छापील रूपात मिळण्यास १९८८ साल उजाडावे लागले. बाजारातील मक्तेदार चुकला तर निदान शेजारचे दार ठोठावता येते. राज्यसत्ताच एकमेव प्रकाशक असली की शेजारचे दारच नसते.

तेव्हा डॉ. लोहियांनी राज्यव्यवस्थेसाठी जो विकेंद्रीकरणाचा आग्रह धरला, तो ग्रंथव्यवहारालाही लागू पडतो. ज्या क्षेत्रात आधी कोणालाच काही कळत नाही, तेथे निर्णय घेणारे हात जितके अधिक तितके समाजाचे हित अधिक. अनिश्चितता नष्ट करता येत नाही. तिचा भार वाटून घेता येतो.

वाटून घेण्याचे मार्ग

भार वाटून घेण्याचे मार्ग आपल्या महाराष्ट्राला अपरिचित नाहीत. सत्तरच्या दशकात सुरू झालेल्या 'ग्रंथाली'ने स्वतःला प्रकाशनसंस्था न म्हणता वाचक चळवळ म्हटले आणि सभासद वाचकांच्या बळावर पुस्तके काढली. दया पवारांचे 'बलुतं' १९७८ साली आणि लक्ष्मण माने यांचे 'उपरा' १९८० साली तेथून आले. 'उपरा'ला १९८१ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. कैकाडी समाजातील एका तरुणाचे आत्मकथन मराठीत एवढे गाजेल, हे आधी कोणी पैजेवर सांगितले नसते. पण वाचकांनी थोडा थोडा भार उचलला, म्हणून ते सांगण्याची गरज पडली नाही.

आपल्यापुरते मी चार गोष्टी सुचवतो. पहिली, प्रत्येक पुस्तिकेची प्रकाशनपूर्व नोंदणी करावी. पाचशे वाचकांनी आगाऊ रक्कम दिली, की छपाईचे ओझे जिल्हा समितीच्या एकट्या खजिनदाराच्या मानेवर राहत नाही. दुसरी, आवृत्ती लहान काढावी. पूर्वी हजाराखाली छापणे परवडत नसे. आता शंभर-दोनशे प्रतीही काढता येतात आणि मागणी आली तर पुन्हा छापता येतात. गठ्ठ्यांची तक्रार त्यामुळे बरीचशी मिटेल. तिसरी, सार्वजनिक ग्रंथालयांकडे आपले लक्ष हवे. १९६७ च्या कायद्याने महाराष्ट्रात अनुदानित ग्रंथालयांचे जाळे गावोगाव पसरले आहे. 'ड' वर्गाच्या लहानशा ग्रंथालयाच्या कार्यकारिणीत आपला एक वाचता माणूस असला, तर कोणती पुस्तके घ्यायची या निर्णयात त्याचा शब्द राहतो. अनुदान वेळेवर आणि पुरेसे मिळावे, ही मागणी आपल्या जाहीरनाम्यात ठळकपणे असली पाहिजे. छोट्या प्रकाशकाचे अपयश पचवण्याची ताकद समाजाकडे या मार्गानेच येते.

चौथी गोष्ट थोडी कडू आहे. लेखकाच्या मानधनाविषयी आपण भांडवली प्रकाशकांना बोल लावतो, आणि आपल्या पुस्तिकांच्या लेखकाला मात्र दहा प्रती आणि एक शाल यांवर बोळवतो. रक्कम लहान असो, पण ती ठरलेली असावी आणि वेळेवर द्यावी. जोखीम वाटून घ्यायची म्हणजे ती निमूटपणे लेखकाच्या पदरात टाकायची नव्हे.

शेवटी एक इशारा देणे आवश्यक आहे. यश अनिश्चित आहे, ही आळसाची सबब होऊ नये. मुद्रितशोधन नीट झाले नाही, भाषा बोजड राहिली, किंमत वाचकाच्या आवाक्याबाहेर गेली, तर त्या अपयशाला यदृच्छा म्हणता येणार नाही. कपाटातल्या गठ्ठ्यांविषयी तर एक प्रश्न आधी विचारला पाहिजे. वाचकाने ते पुस्तक नाकारले, की ते त्याच्यासमोर कधी गेलेच नाही? गेल्या वर्षभरात किती सभांना पुस्तकांचे टेबल लागले, किती शाखांनी हिशेब पाठवला, किती ग्रंथालयांना यादी गेली, हे आकडे आपल्या हातातले आहेत. ते प्रथम मांडावेत. ज्याचे उत्तर आपल्याला देता येते तेथे आपण कामाला लागू, आणि जेथे उत्तर कोणालाच ठाऊक नाही तेथे छापण्याचे धाडस एकमेकांच्या आधाराने करू.

जमाखर्चाच्या पुढच्या बैठकीत प्रकाशन बंद करण्याचा ठराव येईल, तेव्हा तो मांडणाऱ्या मित्राला एवढेच विचारा की, १८८२ साली पुण्यातल्या त्या पाचशे प्रतींबद्दल त्याने काय मत दिले असते.